‘गॉन टू सीड’: बी धरलं, तर बिघडलं काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहून तलाठी भरतीचा अभ्यास करणाऱ्या मुलीचा प्रश्न आहे. ती लिहिते: “सर, सराव संचात एक वाक्य होतं, ‘द वन्स-हँडसम ॲक्टर हॅज गॉन टू सीड’. अधोरेखित वाक्प्रचाराचा अर्थ विचारला होता. पर्याय असे: शेतीकडे वळणे, मानांकन मिळणे, रया जाणे, संसारी होणे. उत्तर ‘रया जाणे’ दिलंय. आमच्याकडे तर बी चांगलं धरलं की बाबा खूश होतात, मग इंग्रजीत ते वाईट कसं? आणि ‘गो टू द डॉग्ज’, ‘गो डाऊनहिल’, ‘गो टू पॉट’ यांचे अर्थही पुस्तकात ‘अधोगती होणे’ असेच आहेत. मग फरक काय?” सोबत तिनं स्वतः केलेली तीन वाक्यंही पाठवली आहेत. ती शेवटी तपासू.

दिलेलं उत्तर बरोबर आहे. एकेकाळी नीट राखलेली जागा किंवा नीटनेटका माणूस लक्ष सुटल्यामुळे हळूहळू अवकळेला येतो, तेव्हा इंग्रजीत ‘गो टू सीड’ म्हणतात. यातले ‘लक्ष सुटल्यामुळे’ हे शब्द पेन्सिलीनं अधोरेखित करून ठेव. सराव संचातल्या यादीत नेमके तेवढेच गळतात आणि मग सगळे वाक्प्रचार ‘अधोगती’च्या एकाच पोत्यात जातात.

आता तुझी शंका. ती रास्त आहे, कारण तू वावराच्या बाजूनं विचार करतेस. तुरीत, हरभऱ्यात, सोयाबीनमध्ये दाणा भरला नाही तर हंगाम गेला. पण हा वाक्प्रचार वावरातला नाही, भाजीच्या वाफ्यातला आहे. तुमच्या विहिरीजवळ सांबाराचा वाफा असेल (पुण्या-मुंबईच्या वाचकांनी कोथिंबीर समजावं), तो डोळ्यांसमोर आण. पेरल्यापासून सव्वा-दीड महिन्यात त्याच्या जुड्या बांधता येतात. त्या आठवड्यात हात फिरला नाही आणि वरून फेब्रुवारी-मार्चचं ऊन लागलं, की मधला दांडा सरळ वर चढतो. खालची पानं रुंद आणि कातरलेल्या कडांची असतात, पण या दांड्यावर येणारी पानं शोपेच्या पानांसारखी बारीक, दोऱ्यासारखी निघतात. मग पांढऱ्या फुलांच्या छत्र्या येतात. दांडा दाताखाली धरला तर नुसती काडी. असा सांबार आठवडी बाजारात मांडला तर बाई जुडी उचलते, दांडा वाकवून पाहते आणि परत ठेवते. “फुलावर गेला हा,” एवढंच म्हणते. आपण ‘भाजी जून झाली’ म्हणतो तेही यातलंच.

झाडाच्या बाजूनं पाहिलं तर काहीही बिघडलेलं नाही. त्यानं पानं वाढवायचं थांबवलं आणि सगळी ताकद फुलाकडे आणि बियाकडे वळवली, जे त्याचं ठरलेलंच काम होतं. शेतीच्या इंग्रजीत याला ‘बोल्टिंग’ म्हणतात. पालक आणि सांबार यांना लांबलेला दिवस, वाढती उष्णता आणि पाण्याचा ताण पुरतो. कांद्याचं उलटं आहे, त्याला थंडी लागते. रोप मोठं असताना कडाक्याची थंडी पडली की कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, येतात, आणि डेंगळा आलेला कांदा चाळीत टिकत नाही हे तुझ्या घरी कोणीही सांगेल. मुळाही असाच जरठ होतो, पण त्याच्या शेंगांची, डिंगऱ्यांची, भाजी होते म्हणून मुळ्याला माफ आहे. एकदा दांडा चढला की तो मागे फिरत नाही. शेंडा खुडला तर फार तर काही दिवस हाती लागतात.

तुझे बाबा म्हणतील, सांबार बियावर गेला तर धणे मिळतात, ते काय फुकट जातात? खरं आहे. पण बियाला सोडलेला सांबार वेगळा आणि विसरलेला सांबार वेगळा. बियाला सोडायचा तर आपण चांगली झाडं निवडतो, बाकीची उपटतो आणि धणे वाळेपर्यंत लक्ष ठेवतो. विसरलेल्या वाफ्याला कोणीच वाली नसतो. इंग्रजी वाक्प्रचार या दुसऱ्या वाफ्यावर उभा आहे. त्याचा राग बियावर नाही, वेळेवर न फिरलेल्या हातावर आहे.

हा अर्थ इंग्रजीत जुना आहे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये (साधारण १६०० सालचं नाटक) पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात राजपुत्राचं पहिलं मोठं स्वगत आहे. बाप जाऊन दोन महिनेही झालेले नाहीत आणि आईनं काकाशी लग्न केलं आहे. जगाचा वीट आलेला हॅम्लेट म्हणतो की हे जग म्हणजे निंदण न केलेली, बियावर गेलेली बाग आहे आणि तिच्यात नुसतं रानटी तण माजलंय. तिथे क्रियापद ‘ग्रोज टू सीड’ असं आहे, पण त्याच्या आधी आलेला ‘अनवीडेड’, म्हणजे न निंदलेली, हा शब्द महत्त्वाचा. बाग मुळात खराब नव्हती, तिला राखणारा उरला नाही, हीच त्याची तक्रार. ज्यानं आयुष्यात एकदा तरी निंदणाला मजूर मिळत नाहीत म्हणून कपाळाला हात लावलाय, त्याला हे स्वगत कळायला टीप लागत नाही.

माणसाबद्दल हा वाक्प्रचार येतो तेव्हा रोख बहुतेक वेळा दिसण्याकडे आणि राहणीकडे असतो. सुटलेलं पोट, वाढलेली दाढी, चुरगळलेला सदरा, आणि हे सगळं अशा माणसाचं जो एकेकाळी कडक इस्त्रीत फिरायचा. ‘ही वॉज अ फाइन रेसलर, बट ही हॅज गॉन टू सीड.’ आखाडा सुटला, खुराक तेवढाच राहिला, हे चित्र आपल्याकडेही अनोळखी नाही. मुळात अजागळ असलेल्या माणसाला हा शब्द लावता येत नाही. आधीची टापटीप वाक्यात दिसली पाहिजे, किंवा निदान ऐकणाऱ्याला माहीत तरी पाहिजे. म्हणूनच तुझ्या सराव संचातल्या वाक्यात ‘वन्स-हँडसम’ आहे. परीक्षेत असं ‘वन्स’, ‘फॉर्मर’, ‘यूज्ड टू’ दिसलं की तो इशारा समज.

आणि आजारी माणसाला ‘गॉन टू सीड’ म्हणू नये. क्षयानं खंगलेला किंवा लकवा मारल्यानंतर खाटेला खिळलेला माणूस निष्काळजीपणानं तसा झालेला नसतो. तिथे ‘हिज हेल्थ हॅज गॉन डाऊनहिल’ म्हण, त्याची तब्येत खालावली. म्हातारपणालाही तेच. केस पिकले, पाठ वाकली यात दोष कोणाचा? पण निवृत्तीनंतर आंघोळीचा कंटाळा करणारे गुरुजी मात्र ‘गॉन टू सीड’. (आमच्या धंद्यात असे बरेच.)

जागेबद्दल याचा वापर तितकाच होतो: जुनं हॉटेल, वाडा, बाग, शहराचा एखादा भाग. इंग्रजांच्या मनात इथे बहुधा न कापलेली हिरवळ असते, गवताला तुरे आले की शेजाऱ्यांना कळतं, या घरात कोणी बघणारं नाही. आपल्याकडे हिरवळ नसते, पण शाळेच्या आवारातला तरोटा असतो. पहिल्या पावसात त्याच्या कोवळ्या पानांची भाजी खातात. पोळ्यापर्यंत तोच कमरेएवढा होऊन त्याला शेंगा लागतात आणि वर्गखोलीची पायरी दिसेनाशी होते. अशा आवारासाठी हा शब्द अगदी नेमका आहे.

आपल्याच भागातलं एक अवघड उदाहरण घेऊ. यवतमाळहून मूर्तिजापूरला आणि तिथून अचलपूरला जाणारी अरुंद मार्गाची शकुंतला रेल्वे तुझ्या आजोबांना माहीत असेल. कापूस वाहण्यासाठी इंग्रजांच्या काळात एका खासगी कंपनीनं ती घातली आणि १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालत होती. आता गाडी थांबून बरीच वर्षं झाली. मग ‘द शकुंतला रेल्वे हॅज गॉन टू सीड’ म्हणायचं का? मी म्हणणार नाही. गाडी बंद केली जाते, तो कोणाचा तरी निर्णय असतो, म्हणून तिथे ‘हॅज बीन क्लोज्ड’ किंवा ‘हॅज फॉलन इन्टू डिसयूज’ लिहावं. पण त्या मार्गावरचं एखादं ठेंगणं स्टेशन असेल, फलाटावर बाभळी आल्यात, तिकीटखिडकीचं दार लोंबतंय, तर ‘द लिटल स्टेशन हॅज गॉन टू सीड’ हे वाक्य चपखल बसतं. एकाच रेल्वेची दोन वाक्यं आणि शब्द मात्र वेगवेगळे.

आता भावंडांकडे वळू.

‘गो डाऊनहिल’ सगळ्यात साधा आणि सगळ्यात वापरातला. दर्जा, तब्येत, धंदा, नातं, अभ्यास, काहीही ‘गोज डाऊनहिल’. कारण कोणतंही चालतं आणि कोणावर ठपकाही येत नाही. तुला निबंधात एकच वाक्प्रचार बिनधास्त वापरायचा असेल तर हा वापर. मात्र एक खोच आहे. ‘इट्स ऑल डाऊनहिल फ्रॉम हिअर’ या वाक्याचे दोन उलटे अर्थ होतात: आता सगळं सोपं आहे, किंवा आता सगळं बिघडतच जाणार. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे सायकल उतरवणाऱ्याला उतार म्हणजे सुखच. म्हणून हे वाक्य एकटं आलं तर अर्थ ठरवायची घाई नको, मागचं-पुढचं वाक्य वाच.

‘गो टू द डॉग्ज’मध्ये बोलणाऱ्याचा वैताग असतो. पारावर बसून “सगळं बुडालं, काही राह्यलं नाही” म्हणणाऱ्याचं हे इंग्रजी. देश, शाळा, संघ, पक्ष, अशा मोठ्या गोष्टींबद्दल ते जास्त येतं, बरेचदा चालू काळात: ‘द कंट्री इज गोइंग टू द डॉग्ज’. त्यात अतिशयोक्ती मुरलेली असते, म्हणून अर्जात किंवा अहवालात ते शोभत नाही. माणसाच्या खाण्याजोगं न उरलेलं अन्न कुत्र्यांपुढे टाकतात, एवढी कल्पना मनात ठेवली तरी अर्थ पक्का बसतो. प्राचीन चीनमध्ये गावाबाहेर काढलेल्यांची आणि कुत्र्यांची एक गोष्ट मोबाईलवर फिरते, तिला आधार नाही, ती पाठ करू नकोस. मराठीत ‘रसातळाला जाणे’ हा याच्या तोडीचा.

‘गो टू पॉट’ हा ‘गो टू सीड’च्या सगळ्यात जवळचा, कारण त्यातही हेळसांड आहे. मांसाचे तुकडे होऊन ते शिजायला भांड्यात जातात, अशा सोळाव्या शतकातल्या बोलण्यातून तो आला. म्हणजे आता त्या जनावराचं काही उरलं नाही. फरक असा की ‘सीड’मध्ये दिसणं आणि राहणी बिघडते, तर ‘पॉट’मध्ये चाललेली गोष्ट कोलमडते: दिनक्रम, आहार, योजना, खेळ. ‘माय डाएट वेंट टू पॉट ड्युरिंग द वेडिंग सीझन.’ इथे ‘सीड’ चालणार नाही. याला मराठीत मी ‘मातेरं होणे’ म्हणतो. मातेरं म्हणजे खळ्यावर शेवटी मातीत मिसळलेलं, झाडून काढलेलं धान्य. आता मळणी यंत्रातून होते, खळी गेली, पण शब्द राहिला.

‘ऑन इट्स लास्ट लेग्ज’ यांच्यातला नाहीच. तो घसरण सांगत नाही, शेवट जवळ आल्याचं सांगतो. संस्था डबघाईला आली, मोटार अखेरच्या घटका मोजतेय, अशा ठिकाणी तो येतो. ‘गो टू रॅक अँड रुइन’मध्ये पडझडच झालेली असते. त्या मानानं ‘गॉन टू सीड’ सौम्य आहे. वाड्याची डागडुजी होऊ शकते, पैलवान पुन्हा जोर काढू शकतो.

व्याकरणाचं थोडक्यात. ‘सीड’ एकवचनीच, आणि त्याच्याआधी ‘द’ किंवा ‘अ’ काही नाही. ‘गो टू द सीड’, ‘गो टू सीड्स’ दोन्ही चूक. ‘डॉग्ज’ला मात्र ‘द’ लागतंच आणि ‘पॉट’ला लागत नाही. परीक्षेत दुरुस्तीचे प्रश्न यावरच काढतात. रूप बहुधा ‘हॅज गॉन टू सीड’ किंवा ‘हॅड गॉन टू सीड’ असं पूर्ण काळातलं असतं, कारण आपल्याला परिणाम दिसत असतो. जुन्या आणि ब्रिटिश लेखनात ‘रन टू सीड’ही सापडतं, अर्थ तोच. कर्मणी प्रयोग होत नाही: पोरांनी बाग बियावर घातली, असं इंग्रजीत म्हणता येत नाही, बाग आपली आपणच जाते.

‘सीडी’ हे विशेषणही याच घरातलं, पण त्याची संगत बिघडलेली आहे. ‘अ सीडी लॉज’ म्हणजे नुसतं कळकट लॉज नव्हे, जिथे भलतेसलते धंदे चालत असावेत असा संशय येतो ते लॉज. गावातल्या जुन्या धर्मशाळेला ‘सीडी’ म्हटलंस तर मॅनेजर भांडायला येईल. ‘गॉन टू सीड’ म्हटलंस तर कदाचित मान डोलावेल. आणि तुझ्या पर्यायांतलं ‘मानांकन’ आलं ते टेनिसमधल्या ‘सीडेड प्लेअर’वरून. तो शब्द स्तुतीचा, त्याचा याच्याशी संबंध नाही. पर्याय तयार करणाऱ्यानं तो मुद्दाम टाकला आहे, आणि वाक्यात अभिनेत्याऐवजी टेनिसपटू असता तर बरेच जण फसले असते. तलाठी भरतीच्या २०२३ च्या परीक्षेत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते, प्रत्येकी २ गुणांचे. असे दोन सापळे चुकवले तरी यादीत बरंच वर सरकता येतं.

मराठीत आणताना एकाच शब्दाला चिकटू नकोस. माणसासाठी ‘रया गेली’, जागेसाठी ‘अवकळा आली’, घरासाठी ‘भकास झालं’. बोलण्यात आपण “कामातून गेला तो” म्हणतो, पण ते ‘सीड’पेक्षा कडक आहे, त्यात माणूस निरुपयोगी ठरतो. इंग्रजीतही हा शब्द तोंडावर म्हणायचा नाही. तिसऱ्या माणसाबद्दल, तेही जपून.

आता तुझी वाक्यं.

पहिलं: ‘द रोड टू अवर व्हिलेज इज गोइंग टू सीड.’ रस्ता कोणी सजवून, निगा राखून ठेवलेला नसतो, त्यामुळे ‘सीड’ खटकतं. ‘हॅज गॉन टू पॉट’ चालेल. फक्त ‘पॉटहोल’ म्हणजे खड्डा, त्यामुळे वाचणाऱ्याला कोटी वाटेल. कोटी नको असेल तर ‘इज इन अ टेरिबल स्टेट’.

दुसरं: ‘माय ग्रँडफादर्स वाडा वेंट टू द सीड बिकॉज नोबडी लिव्ह्ज देअर.’ कल्पना उत्तम, यातूनच कळतं की तुला शब्द समजला आहे. ‘द’ काढ, आणि काळ सुधार: ‘माय ग्रँडफादर्स वाडा हॅज गॉन टू सीड सिन्स द फॅमिली मूव्ह्ड टू अमरावती.’ ‘सिन्स’ आल्यामुळे ते हळूहळू झालं हेही आपोआप कळतं. ‘वाडा’ हा शब्द तसाच ठेव, ‘पॅलेस’ वगैरे करू नकोस.

तिसरं: ‘अवर कॉटन क्रॉप वेंट टू सीड बिकॉज ऑफ पिंक बोलवर्म.’ इथे तू खरी अडकलीस, आणि शेतकऱ्याच्या घरची असून अडकलीस म्हणून जरा सविस्तर सांगतो. कापूस म्हणजेच सरकीवर उगवलेला धागा. बी धरलं नाही तर पऱ्हाटीवर कापूस येणारच कुठून? म्हणजे पऱ्हाटीनं ‘सीड’कडे जाणं ही तक्रार होऊच शकत नाही. आणि गुलाबी बोंडअळी करते काय? बोंडात शिरून सरकीच खाते, धागा डागाळतो, बोंड अर्धवट उमलतं. २०१७ च्या हंगामात आपल्या भागात हेच झालं. बी खाल्लं गेलं आणि तुझं वाक्य म्हणतं पीक बियावर गेलं, अगदी उलट. शिवाय अळी हा बाहेरून आलेला घाला आहे, त्यात तुझ्या बाबांचं दुर्लक्ष नाही, आणि हा वाक्प्रचार वापरून तू नकळत ठपका त्यांच्यावरच ठेवलास. तिथे वाक्प्रचार नकोच. ‘पिंक बोलवर्म रुइन्ड अवर कॉटन’ एवढं सरळ लिही.